आईच्या मनगटावरचे पाच चुंबक

आमची आई कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की आधी घरातल्या बाईच्या पदराची मागची बाजू बघायची. कुंकू नंतर, वाण नंतर. "छान आहे की साडी," असं म्हणत ती पदराचं टोक दोन बोटांत धरायची आणि बोलता बोलता ते हळूच उलटं करायची. मागे दोरे लोंबताना दिसले की तिच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो मी फार तर सहामाहीचे पेपर तपासताना माझ्या चेहऱ्यावर आणला असेन. तिथं काही बोलायची नाही. घरी येताना रिक्षात बसलं की मात्र म्हणायची, "गाठी मारल्यात ग. गाठी!"

कसुती हे आमच्या धारवाडकडचं भरतकाम. त्यात कापडावर काही छापत नाहीत, खडूची रेघसुद्धा ओढत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, टाका घालायचा आणि त्यातून रथ, पाळणा, हत्ती, तुळशीवृंदावन उभं करायचं. जाताना एक जागा भरायची, एक सोडायची. त्याच वाटेनं परत येताना सोडलेल्या जागा भरायच्या. म्हणजे काम पुढून जसं दिसतं तसंच मागून. दोरा कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे कुणाला सापडता कामा नये, म्हणून गाठ मारायची नाही. आई हे नऊ वर्षांची असताना तिच्या आईकडून शिकली आणि तिनं आयुष्यात एकही गाठ मारली नव्हती. हे ती स्वतःच सांगायची, आणि पुष्कळदा सांगायची. मला शिकवायचा तिनं प्रयत्न केला, तो दोन दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी मी गाठ मारली आणि वर विचारलं, "कोण बघणार आहे मागं?" त्यानंतर तिनं मला विज्ञान शिकू दिलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं एक काळी चंद्रकळा भरायला घेतली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती मी नेसायची, असं ठरलं होतं. पहिली संक्रांत गेली, दुसरी गेली. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले आणि वर्षभर तिनं सुई हातात धरली नाही. पुन्हा धरली तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबू या. आई म्हणाली, थांबा तुम्ही.

दोन हजार साल उलटून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी हुबळीत, लॅमिंग्टन रोडजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. नवऱ्याची नोकरी कारवारला, तो पंधरा दिवसांनी येई. हुबळीहून धारवाडला जाताना लागणाऱ्या उणकलला आम्ही नवीन घर घेतलं होतं. त्याच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि बाहेर रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. माझी मुलगी दहा महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. तिला सांभाळायला आई येऊन राहिली, आणि तिच्यासोबत अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली ती चंद्रकळाही आली.

आईला सुई ओवता येत नसे, पण टाका घालता येई. धागे ती आता डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त मोजायची. म्हणून रोज सकाळी शाळेला जाण्याआधी मी तिला दहा सुया ओवून देत असे. पाच लाल, तीन हिरव्या, दोन पांढऱ्या. त्या सुया ती डाव्या खांद्यावर, पदराला टोचून ठेवायची. चाळीस वर्षांची सवय. हातातली सुई मध्येच ठेवायची झाली, दार वाजलं, दूध उतू चाललं, की हात आपोआप खांद्याकडे जाई. फक्त आता कधी कधी सुई पदरात न जाता पदराच्या बाजूनं जायची. आईला वाटे टोचली. ती सुई खाली चटईवर गेलेली असे.

एका शनिवारी शाळा अर्धी होती. मी दुपारी घरी आले. आई आत भात उतरवत होती. मुलगी चटईवर बसली होती आणि तिच्या तोंडातून लाल दोरा लोंबत होता.

त्या क्षणाचं मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी तिच्या तोंडात बोट घातलं. दोरा ओला, लांबच लांब, येतच राहिला. मग दिसलं की दोऱ्याचं दुसरं टोक तिच्या मुठीत आहे आणि सुईही मुठीतच. मी एकेक बोट सोडवलं. कुठं साधा ओरखडाही नव्हता. ती हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि आई पदराला हात पुसत बाहेर येत होती.

"दिसत नाही तर करतेस कशाला?" मी ओरडले.

खाली बसून आईनं चटई चाचपली, मग पदर. नऊ सुया गोळा केल्या, माझ्या हातातली दहावी घेतली, सगळ्या एका पत्र्याच्या डबीत ठेवल्या आणि डबी माझ्या हातात दिली. मी ती कपाटावर ठेवली, जिथं तिचा हात पोचणार नाही अशी. रथाचं एक चाक अर्धं झालं होतं. त्या चाकासकट साडी पुन्हा अण्णांच्या धोतरात गेली.

मी रागीट आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझा राग दुधासारखा येतो आणि तसाच खाली बसतो, मग मी स्वतःवरच चरफडत बसते. आई रुसली असती तर बरं झालं असतं. ती रुसली नाही. मुलीला खिमटी भरवली, तांदूळ निवडले, शेजारच्या अक्कांशी कट्ट्यावर बसून कन्नडमध्ये गप्पा मारल्या, हसलीसुद्धा. पण एकदा मी मागून आले तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं नेसत्या साडीच्या काठावर चालली होती. दोन धागे मोजायची, एक सोडायची, पुन्हा दोन. हातात सुई नव्हती. मी तशीच मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

नेमका त्याच आठवड्यात आठवीला चुंबकाचा धडा होता. कागदावर लोखंडाचा कीस पसरायचा, खाली चुंबक धरायचा, पोरं "आ" करतात. दरवर्षीचा कार्यक्रम. त्या दिवशी मी किसाऐवजी टाचणी टाकली. ती कागदावरून घसरली आणि टक् करून चिकटली. तो आवाज ऐकून मी शिकवायची थांबले. आईला सुई दिसत नव्हती, पण टक् ऐकू आलं असतं.

एका जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधला गोल चुंबक मी मिळवला, त्याला इलॅस्टिक लावलं आणि घरी जाऊन आईच्या डाव्या मनगटावर बांधला. उजव्या हातानं शिवायचं, सुई ठेवायची झाली की डाव्या मनगटाकडे न्यायची. बाकीचं काम चुंबक करील. आईनं दोनदा सुई टेकवली. टक्. टक्. तिचा चेहरा असा खुलला की मला लाज वाटली.

"आणि माझं घड्याळ?" तिनं विचारलं.

आईच्या डाव्या हातात अण्णांनी दिलेलं किल्लीचं घड्याळ असे. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, त्या पिढीतल्या बायका बांधत तशी. रोज सकाळी सहा वाजता ती त्याला किल्ली द्यायची. त्या घड्याळावर तिचे डोळ्यांत घालायचे थेंब होते, बाळाचं दूध होतं आणि, तिनं कधी म्हटलं नाही तरी, अण्णाही होते. मी म्हटलं, "काही होत नाही." विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं हे म्हणावं, याला काय म्हणायचं! संध्याकाळच्या बातम्या लागल्या तेव्हा घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं.

जुन्या हुबळीत एका बोळात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला लाटण्यानं मारलं होतं.

"चुंबकापाशी नेलं होतं काय, टीचर?"

"जरासं."

"जरासं म्हणे. आतली स्प्रिंग केसावाणी असती. एकमेकीला चिकटली की घड्याळ पळाय लागतंय." त्यांनी एका वेटोळ्याच्या यंत्रावरून घड्याळ फिरवलं आणि ते बरं केलं. "पुन्हा आणू नका."

मी पुन्हा नेलं. मध्ये चुंबकाच्या मागे पत्रा लावून पाहिला होता. थोडा फरक पडला, पण घड्याळ तरीही धावायचं. आईला म्हटलं, घड्याळ उजव्या हाताला बांध. ती म्हणाली, "डाव्या हाताला बांधलंय त्यांनी." विषय संपला. म्हातारे दुसऱ्या खेपेला नुसतं "टीचर, टीचर" असं दोनदा म्हणाले. आईनं तो गोल चुंबक स्वतःच सोडून माझ्या टेबलावर ठेवला. "राहू दे ग," म्हणाली. "एक साडी नाही नेसलीस तर काय बिघडतंय?"

ते ऐकून मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साडी नेसायचं माझं राहू दे. मला तिच्या हातात सुई परत द्यायची होती, कारण ती मी काढून घेतली होती.

मार्ग सापडला तो फ्रिजच्या दारावर. तेव्हा चहाच्या पुड्याबरोबर फळांची चित्रं फुकट मिळायची, रबरासारखी मऊ, फ्रिजला चिकटणारी. मुलीनं त्यातला आंबा ओढून काढला होता आणि तो सुयांच्या डबीच्या पत्र्याला मी सहज लावून बघत होते. मागची बाजू चिकटायची. चित्राची बाजू लावली तर आंबा सरळ खाली पडायचा. मी पाच-सहा वेळा करून पाहिलं. चुंबक म्हणजे दोन्हीकडून चुंबक, असं मी दहा वर्षं शिकवत आले होते आणि हा फुकटचा आंबा मला खोटं पाडत होता.

रविवारी धारवाडला जाऊन कॉलेजातल्या आमच्या जुन्या सरांना गाठलं. ते निवृत्त होऊन बागेत वांगी लावत होते. आंबा बघून ते इतके खूश झाले की हात न धुताच आत जाऊन एक लग्नपत्रिका घेऊन आले आणि तिच्या कोऱ्या पाठीवर पाच चौकोन काढले. प्रत्येकात एक बाण. पहिला वर, दुसरा उजवीकडे, तिसरा खाली, चौथा डावीकडे, पाचवा पुन्हा वर.

"प्रत्येक चुंबक शेजारच्यापेक्षा पाव वळसा फिरवून ठेवायचा," सर म्हणाले. "एका बाजूला सगळ्यांचे जोर एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या बाजूला एकमेकांना खोडून काढतात. तिथं जवळजवळ काही उरत नाही. तुमच्या आंब्यात हेच बारीक पट्ट्यांनी केलंय. पण सांगतो, ते चुंबक सुखानं राहणार नाहीत तसे."

नाहीच राहिले. जुन्या हुबळीतच स्पीकर आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून मी गुळाच्या खड्याएवढे पाच चौकोनी चुंबक आणले. शाळेतल्या होकायंत्रानं प्रत्येकाचं उत्तर टोक शोधलं आणि नखाच्या रंगानं बाण काढले. टूथब्रश ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीचा अर्धा भाग घेतला. त्यात एकाशेजारी एक बसवायचे आणि दोन नळ्यांतला कडक डिंक कालवून चिकटवायचे, एवढंच काम. पण पहिल्याशेजारी दुसरा ठेवला की तो बोटांतच गिरकी घ्यायचा आणि आपल्याला हवं तसं तोंड करून बसायचा. तिसरा आणला की दुसरा उसळून त्याच्या पाठीवर. मी तासभर शिव्या घालत होते, मराठीत आणि कन्नडमध्ये.

"काय करायलीस?" आई दारात उभी होती.

"चुंबक ऐकत नाहीत."

ती समोर बसली. मी एक बसवला, तिनं त्यावर अंगठा ठेवला. मी पुढचा बसवला, तिनं दुसरा अंगठा ठेवला. एकेक सुकायला अर्धा अर्धा तास. त्या शनिवारनंतर आम्ही दोघी इतका वेळ इतक्या जवळ बसलो नव्हतो. मुलगी आमच्याभोवती रांगत होती, आणि दोघींचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिला आम्ही पायांनी अडवत होतो.

"पाचजण एका घरात," आई म्हणाली, "आणि एकाचं तोंड दुसऱ्याकडं नाही."

"तसं असलं तरच एका बाजूला जोर येतो."

"आणि दुसऱ्या बाजूला?"

"काही नाही. रिकामं."

आईला ते आवडलं नसावं. म्हणाली, "अशी कशी एक बाजू रिकामी सोडायची?"

सुकल्यावर कागद ठेवून मी कीस टाकला. वरच्या बाजूनं धरलं तर कीस सुस्त पडून राहिला आणि मला वाटलं सगळं फुकट गेलं. उलटं केलं, तर कागदावर कीस साळिंदरासारखा उभा राहिला. जोर खालच्या बाजूला होता, मीच उलटं धरलं होतं. इतका आनंद मला बी.एड. पास झाल्यावरही झाला नव्हता. जोराच्या बाजूला मी नखाच्या रंगाचा मोठा ठिपका दिला. मनगटाच्या वर बांधायचं, ठिपका बाहेर, रिकामी बाजू हाताकडे, म्हणजे पलीकडच्या घड्याळाकडे. तीन दिवस रोज संध्याकाळच्या बातम्यांना घड्याळ लावून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही. म्हाताऱ्यांच्या दुकानावरून जाताना मी मान वर करून गेले.

सुयांची डबी कपाटावरून खाली आली. पण मी मी आहे. मी अट घातली, "एक जरी सुई खाली सापडली, तरी डबी परत वर. मग कायमची."

"बरं," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी मी घरी आले तर टूथब्रशच्या डबीचा पत्ता नव्हता. आईच्या मनगटावर, ती डबी आत घालून शिवलेली, एक सुबक काळी उशी होती आणि तिच्यावर लाल-हिरवं इवलंसं तुळशीवृंदावन.

"प्लॅस्टिक बांधून बसायचं काय हातात? भिकारडं दिसतंय," ती म्हणाली. उशी इतकी देखणी होती की मी तिच्याकडे बघतच राहिले, आणि जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही. लाल दोऱ्याची लडी बाहेर आली, त्या दुपारपासून चंद्रकळा पुन्हा चालू लागली. रथाचं अर्धं चाक पुरं झालं.

पुढच्या गुरुवारी शाळेतून आले. मुलगी पाळण्यात झोपली होती. आई चटईवर शिवत होती. चटईपासून हातभर अंतरावर, फरशीवर, हिरवा दोरा ओवलेली एक सुई चमकत होती.

मी वाकून ती उचलली. आईला दिसलं नाही, पण माझ्या बांगड्या तिला ऐकू आल्या.

"सापडली?" तिनं विचारलं.

आईनं हातातला टाका पुरा केला, इलॅस्टिक सोडलं, सगळ्या सुया डबीत घातल्या आणि डबी माझ्यापुढे धरली. "ठरलंय ते ठरलंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुझं बरोबरच आहे ग. उद्या बाळाला काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

मी डबी घेतली. खरं सांगते, मला त्या वेळी रडू येत होतं आणि रागही येत होता, सरांच्या बाणांचा, त्या आंब्याचा, माझ्या अटीचा. वेळ किती झाली म्हणून उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. आईच्या मनगटावर साडेपाच होऊन गेले होते.

मी थांबले. सुई चिकटत नाही, आणि घड्याळ धावतंय. दोन्ही एकाच दिवशी. मी ती उशी उचलली आणि उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही तुळशीवृंदावन होतं. तेच, तेवढंच, त्याच लाल-हिरव्या दोऱ्यांचं. मी पुन्हा उलटी केली. कोणती बाजू कोणती, हे मला, ज्या बाईनं ते चुंबक बसवले तिला, सांगता येईना.

"आई, हातावर टेकणाऱ्या बाजूला नक्षी कशाला काढलीस?"

"मग काय मागची बाजू कोरी ठेवू?"

"पण तू हे उलटं बांधलंयस!"

"कसुतीला उलटं कुठं असतंय?" आई म्हणाली. तिला खरोखरच कळत नव्हतं.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. मुलगी जागी झाली. आईला आधी वाटलं मी रडतेय, मग तिला राग आला. मी एक सुई घेऊन तिच्या कानाशी धरली. एका बाजूला टेकवली, आवाज नाही, सुई घसरली. दुसऱ्या बाजूला, टक्. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सकाळी बाळाला न्हाऊ घालायला तिनं उशी सोडली होती आणि नंतर जशी हाताला आली तशी बांधली होती. दिवसभर ती इमानानं सुया नेऊन रिकाम्या बाजूवर ठेवत होती. टक् ऐकू येत नव्हतं, तर तिला वाटलं होतं आता कानही गेले.

"मग मला सांगायचं नाही होय?"

"काय सांगू? डोळे गेले सांगितलंय. आता कान पण गेले म्हणून सांगू?"

डबी कपाटावर गेली नाही. पण खूण करणं भाग होतं, आणि ती बोटाला लागेल अशी. रंग तिला दिसला नसता. मी म्हटलं बटण लावू. आई म्हणाली, "बटण तुटून पडेल आणि बाळ तोंडात घालेल." मणी? तेच. मी आणखी काय काय सुचवत राहिले. आई उशी हातात फिरवत बसली होती.

"गाठ चालेल?" तिनं खूप हळू विचारलं.

मी सुयांची डबी तिच्यापुढे सरकवली. तिनं लाल दोऱ्याची सुई घेतली, रिकाम्या बाजूच्या तुळशीपाशी एक टाका घातला आणि थांबली. मग तिनं दोऱ्याचा फास केला आणि ओढला. मोहरीएवढी गाठ. त्यावर अंगठा फिरवून तिनं तोंड असं केलं, जणू कडू औषध घेतलंय. "सत्तर वर्षांची झाल्यावर हे," म्हणाली.

"मोठी छान झालीय."

"गप्प बस."

म्हाताऱ्यांकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी घड्याळ घ्यायच्या आधी मला सगळं सांगायला लावलं. उशीचं ऐकून ते पोट धरून हसले आणि म्हणाले, तुमच्या आईला एकदा बघायचंय. आईला सांगितलं तर तिला ते बिलकूल आवडलं नाही.

त्यानंतर सुई खाली पडली नाही. बांधण्याआधी आई अंगठ्यानं गाठ चाचपायची, गाठ हाताकडे करायची, आणि मग दिवसभर आमच्या घरात टक्, टक् ऐकू यायचं. सुयांत चुंबक शिरून त्या एकमेकींना बिलगायच्या आणि सकाळी ओवताना मला छळायच्या, पण तेवढं चालायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पौषात चंद्रकळा पुरी झाली.

संक्रांतीला मी ती नेसले. लग्नानंतरची कितवी संक्रांत ते विचारू नका. हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या आणि आल्या आल्या त्यांनी माझा पदर धरला. उणकलच्या बायकाही शेवटी धारवाडच्याच पाण्यावर वाढलेल्या. पदर उलटा झाला. "अय्यो, केवढं बारीक!" "मागनं बघा, मागनं!" मी फुशारकीनं उभी होते. इतक्यात शेजारच्या अक्का पदर डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "इदेन्री अक्का, हे काय? इथं गाठ हाय की."

सगळ्या जवळ आल्या. रथाच्या एका चाकात, मागच्या बाजूला, एक लाल गाठ होती. मोहरीएवढी. मला वाटलं आई आता डोळ्यांचं कारण सांगेल.

"हो की," आई म्हणाली. "गाठच आहे." आणि तिनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

बायका गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती हलव्याचे दाणे डब्यात भरत होती. मी पदर तिच्यापुढे धरला. मला ते चाक आठवलं होतं. तो शनिवारही.

"त्या दिवशी मी फार वाईट बोलले," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"बोललीस की," आई म्हणाली. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग माझ्या हातातून पदर घेतला, अंगठ्यानं चाचपत गाठ शोधली आणि तिथं थांबली. "पण रागानं नाही घातली ही. उशीची गाठ झाल्यावर मागाहून घातली. याच्या अलीकडचं मी एकटीनं केलंय. पलीकडचं दोघींनी. मागं बघणाऱ्याला कळायला नको?"

मी ओट्यापाशी उभी राहून पदर उलटा धरला आणि गाठीच्या पलीकडचं मोजत राहिले. रथाचं अर्धं चाक होतं, दोन हत्ती, एक पाळणा, आणि काठापर्यंत तुळशीवृंदावनांची रांग होती.